दीडशे पायऱ्या

"किती पायऱ्या म्हणालास?" मॅडमनी काच बोटभर खाली करून विचारलं.

"दीडशे."

बसमधल्या गर्दीत डोंगराची मजा जाते म्हणून खास गाडी करून पुण्याहून आलेलं हे जोडपं. तंगड्या धडधाकट, पण एसी सोडवेना. साहेबांनी सुदाम ड्रायव्हरच्या हातात मोबाइल दिला. "तूच वर जाऊन फोटो काढून आण. ग्रुपवर टाकायचेत."

बारा वर्षं सुदाम लोकांना या पॉइंटवर आणून खाली गाडी राखत बसला होता. आज पहिल्यांदाच वर गेला. लख्ख ऊन पडलं होतं. दरीत, थेट त्याच्या पायांखाली, घारी तरंगत होत्या. मोबाइल खिशातच राहिला.

खाली येऊन त्याने तो परत दिला. "वर नुसतं धुकं आहे, साहेब. तुम्ही चढला नाहीत ते बरंच केलंत."