शिंगाची पिक
अमरसिंहच्या गिटारच्या तारा छेडायच्या प्लास्टिक पिका सारख्या मोडायच्या, म्हणून भाऊसोनं आपल्या म्हशीच्या शिंगाचं टोक कापून त्याला पिक करून दिली. खोटं वाटेल तर वाटू दे, पण गणपतीच्या ऑर्केस्ट्रात अमरसिंहनं त्या पिकनं पहिली तार छेडली आणि दावं तोडून म्हैसच मांडवात शिरली. माणसं पळाली. ती स्टेजसमोर फुसफुसत उभी राहिली. अमरसिंहच्या हातून पिक गळाली. तो नुसत्या बोटांनी वाजवू लागला. म्हैस डोळे मिटून रवंथ करू लागली. बोटं सोलली तसा तो थांबला. म्हशीनं डोळे उघडले.

"भाऊसो, पिक टाकली की मी! अजून माझ्यावर का राग?"

स्पीकरच्या थप्पीवरून भाऊसोचा दबका आवाज आला, "तुझ्यावर न्हाय रं. ती माझ्याकडं बघाय लागलीया. वाजीव की!"