पाद्र्याच्या वहीतला आबेल

नाव सापडलं तेव्हा नोएमीने आधी वही मिटली. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा वाकून वाचेल आणि गावभर करेल, असं उगीचच वाटलं तिला. मग स्वतःलाच दटावून तिने ती पुन्हा उघडली.

आबेल रूव्हिएर, लोकर पिंजणारा. शाई तपकिरी पडली होती, पण नाव स्वच्छ होतं.

खरं तर हे नाव वहीत नाही, एवढंच बघायला ती जिल्ह्याच्या गावी, जुन्या दफ्तरखान्यात आली होती. फ्रान्सच्या या डोंगरातल्या ह्युगेनो, म्हणजे प्रोटेस्टंट, घराण्यांत पूर्वजाचं नाव कॅथलिक चर्चच्या नोंदवहीत न सापडणं हाच मोठा मान. तीनशे वर्षांपूर्वी राजाने त्यांचा पंथ बंद केला, घराघरांत शिपाई बसवले, तेव्हा जे वाकले ते कॅथलिक पाद्र्याच्या वहीत गेले. जे वाकले नाहीत त्यांना घरच्यांनी गुपचूप आपल्याच मळ्यात पुरलं आणि वर सायप्रसचं झाड लावलं. रूव्हिएरांच्या मळ्यातही असा एक सायप्रस होता. त्याखाली आबेल झोपलाय, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि इथे तर हा आबेल शेवटची सात वर्षं पाद्र्याच्या वहीत सुखाने नांदत होता. एका बारशाला धर्मपिता, एका लग्नाला साक्षीदार, दोन्हीकडे ठसठशीत सही. शेवटी दफनाची नोंद. खालच्या गावात एकटा राहत होता, तापाने गेला, चर्चच्या आवारात पुरला. त्याखाली पाद्र्याने लिहिलं होतं, की बायकोला आणि मुलांना निरोप धाडला, पण कुणी आलं नाही.

नोएमीला राग यायला हवा होता. तिला त्याची दया आली. तिने सगळं एका कागदावर उतरवून घेतलं.

बाहेर तिचा चुलतभाऊ एली गाडीला टेकून सिगरेट ओढत होता. "काय, पूर्वजांनी पास केलं का आपल्याला?"

तिने कागद पुढे केला. वाचता वाचता एलीचा चेहरा उतरला.

"आत्याला सांगणार आहेस हे?"

"तिनेच तर पाठवलंय मला."

"अगं, डॉक्टर म्हणतो ती यंदाचा चेस्टनटचा हंगाम बघायची नाही. आणि तू तिला सांगणार, की आपला आबेल घाबरून पळाला?" त्याने कागद परत दिला. "मी दर उन्हाळ्यात त्या झाडाखाली टोपी काढून पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगतो, बाई. मी काही वाचलेलं नाही."

पुलावर नोएमीने गाडी थांबवायला लावली आणि कागद फाडून नदीत सोडला. एलीने गाडी पुढे काढली.

जुडित आत्या मळ्यातल्या घरात जन्मलेली शेवटची रूव्हिएर. सायप्रसखाली आबेलच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखलेली. पण मागच्या रविवारी ती म्हणाली होती, "आधी वही बघून ये. मग मला कुठे ठेवायचं ते सांगते." नोएमीला अर्थ उघड होता. वाकलेल्या माणसाशेजारी आत्या कशी झोपेल?

मळ्यातून घराकडे जाताना नोएमीने सवयीने झाडाला वळसा घातला. या घरातल्या बायका त्या झाडाखालून कधी जात नसत. लहानपणी ती एकदा गेली, तर आईने दंडाला सणसणीत चिमटा काढला होता. झाडाखाली कुणीतरी उभं आहे आणि घराकडे बघतंय, असं तेव्हा वाटायचं. आज वेडेपणाच होता तो. खाली कुणी नाही, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी अंगावर सर्रकन काटा आला, आणि ती शेवटची पावलं जवळजवळ पळतच गेली.

स्वयंपाकघरातली मळ्याकडची खिडकी नेहमीसारखी बंद होती. वारा येतो, असं आत्या म्हणायची. एली बाहेरच रेंगाळला.

"बस. सूप घे," आत्या म्हणाली. मग लगेच, "नको, आधी सांग."

"नाही सापडला," नोएमी म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"पानन् पान."

"खालच्या गावची वही? तिकडे बरेच जण जाऊन राहिले होते."

"तीही बघितली. कुठेच नाव नाही, आत्या. तो वाकला नाही." तिने आत्याचा हात हातात घेतला. हात गार होता. आता ती हसेल, म्हणून नोएमी वाट बघत राहिली.

"काल पुन्हा उभा होता," आत्या हळूच म्हणाली. "मी त्याला म्हटलं, थांब, उद्या पोरगी तुझं नाव घेऊन येईल. मग तू नाहीसच."

"कोण, आत्या?"

"मला गावच्या स्मशानात ठेवा. तिथे नको."

"अगं, पण तो तर आपला..."

"बायकाच एकमेकींना सांगत आल्या हे. पुरुषांना कुणी सांगितलं नाही. मला आजीने सांगितलं. मी आयुष्यभर म्हणत आले, की म्हाताऱ्यांच्या बाता आहेत, तो वहीत असेल, कुठेतरी आपल्या मरणाने मेला असेल." तिचा आवाज चिरकला. "तो पाद्र्याकडे नाव द्यायला निघाला होता, पोरी. त्याच्या बायकोने दार लावून घेतलं आणि पोरांनी त्याला इथेच, या चुलीपाशी मारला."

नोएमीने तिचे दोन्ही हात धरले. "आत्या, ऐक, मी खोटं बोलले! तो आहे वहीत. सात वर्षं जगला तो, तापाने गेला, शपथ घेते मी. चर्चच्या आवारात पुरलाय त्याला!"

आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला.

"असू दे गं," ती म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नये."