समुद्रामागचा डोंगर

“खाली पाहू नका मावशी. माह्या हाताकडे पाहा.” खडकावर पालथी पडून खुशबूनं हात खाली सोडला होता.

खाली कुंताबाई होत्या. पन्नाशी उलटलेल्या, साडीचा काचा मारलेल्या, पायात नवेकोरे बूट. दोरी घट्ट धरून त्या जागीच अडकल्या होत्या.

“मले नाही जमत बाई. तू जा समोर.”

“तुमाले घेऊनच जाईन.”

दोघी भंडाऱ्याहून एकाच सहलीच्या गाडीनं कोकणात आल्या होत्या. खुशबूसोबत उर्वशी आणि रक्षा या मैत्रिणी, तर कुंताबाई आपल्या बचत गटातल्या बायांसोबत. पहिल्या दिवशी पोरी लाटांत किंचाळत होत्या आणि कुंताबाई ओल्या वाळूत बसून पायांवर पाणी घेत होत्या. “आमच्या तलावाले अशा लाटा काहून नाही?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा खुशबूला हसू फुटलं. तिनं त्यांना हाताला धरून कमरेएवढ्या पाण्यात नेलं. खारं पाणी नाकातोंडात गेलं, पण बाई बाहेर यायचं नाव घेईनात. तेव्हापासून दोघींचं जमलं.

आज किनाऱ्यामागच्या जंगलातला हा डोंगर. खुशबूनं अखेर त्यांना ओढून वर घेतलं. उर्वशी, रक्षा पुढे निघून गेल्या होत्या. दोघी एका झाडाखाली बसल्या.

“एवढी ताकद कुठून आली तुह्यात?”

“वनरक्षकाच्या भरतीसाठी रोज पळून राहिली मी. लेखी परीक्षा पास झाली. आता धावणं बाकी हाये.”

“मंग घरचे खुश असतील.”

खुशबूनं हातातली काडी मोडली. “येत्या रविवारी पाहुणे येऊन राहिले मले पाहायले. पाहणं नावापुरतंच, बाबानं होकार देऊन ठेवला. लाखांदूरचे हायेत, धानाचा व्यापार. पोरगा म्हणते, नोकरी करायची नाही. घरात काय कमी हाये म्हणते.”

कुंताबाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. बराच वेळ पीत राहिल्या.

“आन् पोराची माय? ती काय म्हणते?”

“कोणाले ठाऊक. मांगं बाप आन् काकाच आले होते. तिले घरात कोणी विचारत असल, असं नाही वाटत.”

“बापाले सांगून दे, नाही म्हणून.”

“सांगितलं. पोरीनं नकार दिला तर धाकटीले कोण पाहायले येईल म्हणते.” तिनं मोडलेली काडी फेकून दिली. “ही सहल शेवटचीच माही.”

कुंताबाईंनी तिचे खरचटलेले तळवे पदरानं पुसले. “चाल. माथा राहिला अजून.”

माथ्यावरून खाली गर्द जंगल आणि त्यापलीकडे सगळा समुद्र दिसला. खुशबूनं दोन्ही हात पसरून आरोळी ठोकली. कुंताबाई समुद्राकडे नाही, तिच्याकडे पाहत होत्या.

परतीच्या वाटेवर मात्र त्या तुटक वागल्या. भंडाऱ्याला गाडी थांबली, तशा निरोपही न घेता उतरून गेल्या. खुशबूला वाईट वाटलं. उगाच बोललो आपण परक्या बाईजवळ, असं झालं तिला.

रविवारी आसगावात, दारापुढं पाहुण्यांची गाडी थांबली. मुलगा प्रफुल्ल उतरला, त्याचे वडील, काका, आणि सगळ्यांच्या मागून डोक्यावर पदर घेत कुंताबाई.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलेल्या खुशबूनं त्यांना ओळखलं. डोंगरावर बोललेला शब्द न् शब्द तिला आठवला. आता ही सगळ्यांसमोर सांगणार. बाबाची मान खाली जाणार.

कुंताबाईंनी ओळख दाखवली नाही. कप घेतला आणि अनोळखी माणसासारखं विचारलं, “नाव काय तुहं?”

“खुशबू.”

“काय करतेस?”

“वनरक्षकाच्या भरतीची तयारी.”

प्रफुल्ल हसला. “आता त्याची गरज नाही. मले मुलगी पसंत हाये.”

“झालं तर मंग,” त्याचे वडील म्हणाले. “तारीख काढू.” बाकी कोणाला विचारायचं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. खुशबूच्या वडिलांनी, गोपीचंदनं, भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

कुंताबाईंनी कप खाली ठेवला.

“थांबा जरा. पोरगी मलेही पसंत हाये,” त्या म्हणाल्या, “पण तिच्यासाठी आपला पोरगा पसंत नाही मले.”