धुक्यातली म्हैस

"आता येईल बघ म्हैस," मी अंधारात बायकोच्या कानात पुटपुटलो. पडद्यावर अर्धा तास नुसतं धुकं होतं.

हा सिनेमा मी लग्नाआधी एका दुपारी, भरपेट जेवून, फिल्म क्लबात पाहिला होता. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर त्यातला एक सीन ऐकवत आलोय: धुक्यातून एक म्हैस येते, रिकाम्या एसटीत चढते आणि खिडकीजवळ बसते. "इथे दिग्दर्शक काळाशी बोलतो," असंही वर सांगायचो.

सिनेमा संपला. म्हैस आलीच नाही. चर्चेसाठी दिग्दर्शक स्वतः आले होते. मी तावातावाने उठलो. "म्हशीचा सीन का कापलात?"

"कापला नाही हो," ते गोंधळून म्हणाले. "माझ्या सिनेमात म्हैस कधीच नव्हती."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. म्हणजे त्या दुपारी मला चक्क झोप लागली होती, आणि इतकी वर्षं मी लोकांना स्वतःचं स्वप्न समजावून सांगत होतो.

घरी जाताना स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "सिनेमा काही कळला नाही. तुमची म्हैस मात्र छान होती हो."