ग्रंथकर्त्याचं पान

पंगतीत सगळ्यांच्या पानांत जिलब्या पडल्या. रावसाहेबांच्या पानात मात्र उकडलेला दुधी आला.

"अहो, इकडे जिलबी!"

"भलतंच काय! 'चाळिशीनंतर साखर विषासमान' असं आपल्याच पुस्तकात आहे," यजमान हात जोडून म्हणाले.

पुस्तक खरं बायकोचं. बाईच्या नावाचं आहारशास्त्र कोण विकत घेणार, म्हणून रावसाहेबांनी ते स्वतःच्या नावाने छापलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

घरी येऊन ते गरजले, "पुढच्या आवृत्तीवर तुझंच नाव घाल! मला जिलबी खायचीय!"

"इकडचं नाव आता इलाखाभर झालंय, ते कसं पुसायचं?" वाती वळता वळता ती शांतपणे म्हणाली. "शिवाय नवी आवृत्ती कालच छापून आली. तिच्यात तपकीर अन् चहाही वर्ज्य केलाय."