पन्नासच्या आत

अठ्ठेचाळीस फटके झाले होते. हा एक आत गेला की एकोणपन्नास.

चेंडू आणि भोक यांच्यात जेमतेम दोन पावलं वाळू होती. साताऱ्याच्या त्या माळावर हिरवळ टिकत नसे. म्हणून गोल्फ क्लबनं प्रत्येक भोकाभोवती तेलात मळलेली वाळू थापून गोल केले होते. त्यांना सगळे ब्राऊन म्हणत. इंदुमतीनं पदर कमरेला खोचला आणि ती चेंडूवर वाकली.

“सावकाश, बाई,” मेजर हंबीरराव म्हणाले. तिच्या फटक्यांचं कार्ड त्यांच्या हातात होतं. “मान वर येते तुमची. चेंडू कुठं गेला ते बघायची घाई. बायकांना धीर धरवत नाही, दुसरं काय.”

व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर हशा पिकला.

अट मेजरांचीच होती. नऊ भोकं पन्नासच्या आत काढली, तर रविवारच्या स्पर्धेत बाईचं नाव लागेल. “महिला वर्ष आहे, म्हणून एवढी तरी संधी,” असं ते कमिटीत म्हणाले होते. पुरुषांना अशी अट नव्हती. खुर्च्यांवरचे तिघं तर आजवर साठच्या खाली आले नव्हते.

इंदुमतीचा नवरा, कॅप्टन मानसिंग, जम्मूकडं होता. त्याच्या काठ्या तिला लांब पडत. ती चार बोटं खाली धरून खेळायची आणि पिशवी स्वतःच खांद्याला लावायची. पहिल्या दिवशी बहात्तर झाले. मग तिनं मूठ सुधारली, पाय सुधारले, परसात आरशासमोर रोज शंभर वेळा काठी फिरवली. बहात्तरचे चौसष्ट झाले, चौसष्टचे छप्पन. आणि एक्कावन्नावर सगळं अडलं. मान. हनुवटीखाली रुमाल धरून पाहिला, तो पडायचा. पदराचं टोक दातात धरून पाहिलं. पदर ओला झाला, मान वर आलीच.

तिच्या सासूबाई, बनुबाई, लोणंदजवळच्या गावाहून नातीला सांभाळायला आल्या होत्या. क्लबात पोरांना बंदी. चुना लावलेल्या दगडांची ओळ होती, तिच्या आत पोर आणायचं नाही. तेव्हा सून एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडं निघाली की बनुबाईही नातीला काखेला मारून दगडांच्या पलीकडून कडेकडेनं चालायच्या. सहा महिन्यांत खेळाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. म्हातारी सुनेवर पहारा ठेवायला येते, असं मेजर व्हरांड्यात सांगत.

इंदुमतीनं काठी मागं नेली. मान वर आली. ती थांबली.

पुन्हा वाकली. काठी मागं नेली. मान पुन्हा वर.

“मारायच्या आधीच बघताय, बाई!” व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं. “अजून गेलाय कुठं तो?”

तेवढ्यात बनुबाईंनी दगडांची ओळ ओलांडली. चांगल्या ताठ चालत आल्या. ब्राऊनच्या कडेला, खळ्यावर जाताना काढाव्यात तशा, त्यांनी वहाणा काढल्या. अनवाणी पुढं येऊन त्या सुनेच्या समोर, चेंडूपलीकडं दोन हातांवर फतकल घालून बसल्या आणि नातीला पुढ्यात घेतलं.

“ओ आजी! मागं व्हा!” मेजर गरजले. “बाहेरच्या माणसाला ब्राऊनवर मनाई आहे!”

इंदुमतीची कानशिलं तापली. सहा महिने ती या माणसाला नुसतं ‘हो, सर’ म्हणत आली होती.

“बाहेरच्या नाहीत त्या,” ती म्हणाली. “माझ्या कॅडी आहेत. प्रत्येक खेळाडूला एक कॅडी घेता येतो. तुम्हीच दिलेल्या पुस्तकात आहे.”

“आणि ते पोर?”

“कॅडीनं खेळाडूचं सामान सांभाळायचं असतं, सर. हे माझं सामान.”

व्हरांड्यात कुणाला तरी चहाचा ठसका लागला. मेजरांनी खिशातून पुस्तक काढलं. दोन-चार पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग पुस्तक खिशात गेलं.

“हितं हाय बग ही. तुज्या म्होरं,” बनुबाई सुनेला म्हणाल्या. “आता बग खाली.”

इंदुमतीनं खाली बघितलं. तेलकट वाळू, पांढरा चेंडू, आणि त्याच्या पलीकडं वाळे घातलेले दोन चिमुकले पाय. तिनं काठी मागं नेली आणि पुढं आणली.

भोकातल्या पत्र्याच्या डब्यात टण्णकन आवाज झाला.

इंदुमतीची मान अजून खालीच होती. पोरीनं वाळूचा बोकाणा भरला होता आणि ती बोट घालून तो काढत होती.

मेजरांनी कार्डावर आकडा लिहिला, सही केली. पण त्यांना राहवलं नाही.

“बघा, शेवटी शिकलात,” ते म्हणाले. “घाई सुटली तुमची.”

“आवं, घाई कसली, सायेब?” बनुबाई उठता उठता म्हणाल्या. “ही पोर दोन म्हैन्याची आसताना तापात निळी पडली हुती. श्वासच थांबला हुता हिचा. तवापासनं सून माजी भाकरी थापतानाबी मान वर करती, हिचं पोट हलतंय का न्हाई ते बगाया.”

त्यांनी पायात वहाणा सरकवल्या.

“चेंडू तर तिनं आजवर कवाच बगितला न्हाई.”