शिबिराचा मान

"कातडीच्या कॅन्सरचं शिबिर रेवतीताईंमुळेच गावात आलं," असं माईकवरून ऐकलं आणि कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर दारोदार फिरून 'तीळ वाढतोय का, तळपायाला काळा डाग आहे का' हे विचारलं होतं आशासेविका कुंदानं. रेवतीताईंनी नुसते दोन फोन केले होते.

दिवा लावायला रेवतीताईंनी चपला काढल्या. मंचाची पायरी चढताना त्यांच्या टाचेवरचा काळा, वेड्यावाकड्या कडांचा डाग कुंदाला दिसला. असेच डाग ती महिनाभर शोधत फिरली होती. 'मिरवू दे की अजून,' असं मनात आलं आणि ती गप्प बसली. पण टाळ्या थांबल्यावर तिला राहवेना.

"ताई, टाचेला काय झालंय?"

"काटा रुतला होता गं. पाच महिने झाले, डाग जातच नाही."

कुंदानं त्यांना हाताला धरून डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "उद्याच तुकडा काढून तपासायला हवा. कोणाच्या लक्षात आलं हे?"

"आमच्या कुंदाच्या," रेवतीताई म्हणाल्या.

सगळे कुंदाकडे कौतुकानं पाहू लागले. आपला संशय खोटा ठरू दे, असं ती देवाला विनवत होती.